फरशीसाठी व्हॅक्यूम क्लीनर घेताना: वॅट नंतर, तोंड आधी

व्हॅक्यूम क्लीनर गालिचे अंथरणाऱ्या देशांत घडला आणि त्याची जाहिरात अजून गालिच्याच्याच भाषेत बोलते. अमुक इतके वॅट, तमुक इतकं सक्शन, खोल रुतलेली धूळही खेचून काढतो वगैरे. फरशीत काही रुतत नाही. धूळ, केस, चपलेबरोबर आलेली वाळू, पोळीचा चुरा हे सगळं वरच पडलेलं असतं, नाहीतर दोन फरश्यांमधल्या सांध्यात बसलेलं असतं. ते उचलायला फार ताकद लागत नाही. कचरा तोंडापुढे, म्हणजे पाइपच्या टोकाच्या नोझलपुढे, ढकलला न जाता आत गेला पाहिजे, आणि मागच्या हवेने उरलेली धूळ खोलीभर उडता कामा नये. या दोन गोष्टी जमणारं ६०० वॅटचं मशीन, न जमणाऱ्या २००० वॅटच्या मशीनपेक्षा फरशी स्वच्छ करतं.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवा. व्हॅक्यूम झाडूचं काम करतो, फडक्याचं नाही. ओट्यासमोरचा तेलकट थर किंवा चहाचा वाळलेला डाग त्याने निघत नाही. झाडू मारल्यावर बारीक धूळ उडते आणि तासाभराने टीव्हीवर येऊन बसते, ते मात्र टळतं. लादी पुसणं चुकत नाही, पण बादलीतलं पाणी पहिल्यासारखं लगेच गढूळ होत नाही.

पायरी १: दुकानात जाण्याआधी घर बघा

कागद, टेप आणि एक आगकाडी घ्या.

फरशी कोणती आहे ते लिहा. नव्या फ्लॅटमधली दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल सगळ्यात सोपी. तिचे सांधे दोन-तीन मिलिमीटरचे असतात आणि बहुतेक ग्राउटने, म्हणजे सांधे बुजवायच्या मसाल्याने, भरलेले असतात. जुन्या इमारतीतली मोझॅक फरशी घासून एकसंध केलेली असते, तिच्यावर कोणतंही मशीन चालतं. शहाबादी आणि खडबडीत कोटा यांची गोष्ट वेगळी. पृष्ठभाग उंचसखल, सांधे रुंद, आणि ग्राउट जागोजागी निघालेलं. सांध्यात आगकाडी आडवी ठेवून बघा. ती पूर्ण आत बसून वर फरशीची कड उरत असेल, तर मऊ रोलरचं (फिरणाऱ्या कापडी लाटण्याचं) तोंड त्या सांध्यावरून नुसतं सरकत जाईल. तिथे लांब केसांचा ब्रशच लागतो.

संगमरवर आणि पॉलिश केलेला कोटा असेल तर लाल शाईने लिहून ठेवा. कडकपणाच्या मोह्ज मापावर संगमरवर ३ च्या आसपास येतो आणि वाळूतला गारेचा कण ७ वर. असा एक कण मशीनच्या कडक प्लॅस्टिकच्या चाकाखाली अडकला की तो फरशीवर रेघ ओढत जातो. ही रेघ समोरून दिसत नाही, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की दिसते. या फरशीसाठी रबरी कडा असलेली चाकं सोडून दुसरं काही घेऊ नका.

मग उंबरठे मोजा. स्वयंपाकघर, बाल्कनी आणि न्हाणीघराच्या दाराशी ग्रॅनाइटची पट्टी असते. बहुतेक रोबो, म्हणजे आपोआप फिरणारे व्हॅक्यूम, सुमारे दोन सेंटिमीटर उंची चढतात, त्यावर नाही. पलंग आणि दिवाणाखालची मोकळी उंचीही टिपा. डोक्यावर मनोरा असलेला रोबो साधारण साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे दहाची जागा असून तो तिथे अडकतो. बारा असली तर बरं.

शेवटी प्लग. आपला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. यापुढचं मशीन १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवरच चालवायचं, आणि तो बहुतेक घरांत एसी किंवा गिझरपाशी असतो. हॉलमधून तिथवर वायर पोचत नाही म्हणून माणसं बारीक वायरचं एक्स्टेंशन बोर्ड लावतात. वायर तापते, पिनेभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि दोष मशीनला दिला जातो. घरातला सगळ्यात लांबचा कोपरा ते जवळचा योग्य सॉकेट हे अंतर मोजा आणि मशीनची वायर अधिक होज पाइप यांच्या बेरजेशी ताडून बघा.

पायरी २: जात ठरवा

चाकांवरचा डबा, ज्याला कॅनिस्टर म्हणतात. वजन जमिनीवर राहतं, हातात फक्त पाइप. तोंड चपटं असल्याने पलंगाखाली आडवं जातं. वायरवर चालत असल्याने वेळेची मर्यादा नाही. आठवड्यातून दोनदा नीट सफाई करणाऱ्या घराला हा चांगला. खोट एकच, पण फरशीवर ती मोठी आहे: काही डब्यांची बाहेर पडणारी हवा मागून किंवा बाजूने, अगदी जमिनीलगत निघते. गालिच्यावर ते खपतं, कारण धूळ तंतूंत धरलेली असते. फरशीवर तोच झोत न झाडलेल्या भागातले केसांचे पुंजके सोफ्याखाली हाकलून देतो. हवा वरच्या बाजूने निघणारा डबाच घ्या.

ओल्या-सुक्या कामाचा ड्रम. दहा ते वीस लिटरची टाकी, वर मोटर. पाणी खेचतो, माती खेचतो, बाल्कनीतल्या कुंड्यांचा चिखल खेचतो. आवाज मोठा, ठेवायला कोपरा लागतो, आणि सोबतचं तोंड बहुधा साधंच मिळतं. तळमजल्याचं घर, अंगण, कोकणातली लाल माती, पावसाळ्यात बाल्कनीतून आत येणारं पाणी, यांपैकी काही असेल तर दुसरं काही बघू नका. तोंड वेगळं विकत घेता येतं. पाइपचा व्यास बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटर असतो, मोजून मगच घ्या.

बॅटरीवरची काठी. रोज उचलून दहा मिनिटं फिरवायला हिच्यासारखं काही नाही. मात्र अडीच-तीन किलोचा सगळा भार मनगटावर येतो, आणि खोक्यावरची ‘साठ मिनिटं’ सर्वांत मंद वेगावरची असतात, तीही अनेकदा मोटरचा रोलर न लावता मोजलेली. पूर्ण वेगावर हीच बॅटरी आठ-दहा मिनिटांत संपते. फरशीवर मधला वेग पुरतो, म्हणून विचारायचं ते असं: मधल्या वेगावर, रोलर लावून, किती मिनिटं? तुमचं घर झाडायला लागतो त्या वेळेच्या दीडपट आकडा आला तर घ्या. आणि बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येते का तेही बघा. तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागणारच. मशीन उघडल्याशिवाय ती निघत नसेल तर अख्खी काठी भंगारात जाते.

रोबो हा रोजची वरवरची धूळ उचलणारा मदतनीस. जमिनीवर चार्जरच्या वायरी, पायपुसणी, झालरीची सतरंजी, पोरांच्या चपला असतील तर त्याच्याआधी तुम्हालाच झाडलोट करावी लागते. काळ्या फरशीवर त्याची आणखी एक गंमत होते. जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली प्रकाश सोडणारे सेन्सर असतात. काळा ग्रॅनाइट प्रकाश परत पाठवत नाही, मग रोबोला वाटतं पुढे खड्डा आहे, आणि तो काळ्या पट्टीपाशी येऊन माघारी वळतो. हॉलभोवती काळी किनार असलेल्या घरांनी आधी घरी आणून दाखवायला सांगावं.

हातात मावणारा छोटा व्हॅक्यूम गाडीसाठी ठीक आहे. फरशीसाठी घेऊ नका, कंबर धरेल.

निवाडाच हवा असेल तर असा. दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट, व्हिट्रिफाइड टाइल, रोज झाडणारं कोणीतरी आहे: काठी. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असलेलं माणूस घरात: धूळ पिशवीत साठवणारा कॅनिस्टर. माती आणि पाण्याचा त्रास: ड्रम. घरकामाला येणाऱ्या ताई मशीन वापरणार असतील तर त्यांना दुकानात नाहीतर प्रात्यक्षिकाच्या वेळी उचलायला द्या. त्यांना जड वाटलं तर ते माळ्यावर जाणार.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेलं मशीन फुकट मिळालं तरी नको. ते १२० व्होल्टवर चालतं, इथे थेट लावलं तर मोटर जळते, आणि हजार वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड असतो. ब्रिटनमधलं चालेल, तिथला पुरवठाही २३० व्होल्टचा. फक्त पिनेचा जोड बदलावा लागतो.

पायरी ३: तोंड उलटं करून बघा

निम्मा निर्णय इथे होतो, आणि दुकानात हीच गोष्ट कोणी दाखवत नाही. विक्रेता मोटर सुरू करून तळहात धरायला लावतो. तळहात काही फरशी नव्हे. तुम्ही नोझल हातात घ्या आणि उलटं करा.

साधं, न फिरणारं तोंड असेल तर त्यावर पायाने दाबायची कळ असते. एका बाजूला दाबली की ब्रशचे केस खाली येतात, दुसऱ्या बाजूला दाबली की आत जातात. केस बाहेर म्हणजे फरशी, केस आत म्हणजे गालिचा. कितीतरी घरांत हे मशीन वर्षभर केस आत ठेवून चालवलं जातं, मग धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी टाइलवर घासते आणि ‘खेचत नाही’ अशी तक्रार होते. केस मऊ आहेत का बघा, आणि पुढच्या बाजूला त्यांच्यात अधूनमधून खिंडी सोडलेल्या आहेत का बघा. खिंड नसेल तर शेंगदाण्याएवढा कचरा आत शिरत नाही, तोंडापुढे ढकलला जातो.

फिरणारं तोंड दोन प्रकारचं असतं. कडक नायलॉनच्या केसांचा रोलर गालिच्यासाठी आहे. टाइलवर तो तांदळाचा दाणा गलोलीसारखा मागे भिरकावतो, चालवणाऱ्याच्या पायावर दाणे टपटपतात. फरशीसाठी मऊ, फ्लॅनेलच्या कापडासारखा जाड रोलर हवा. तो बारीक धूळ पुसल्यासारखी उचलतो आणि मोठ्या दाण्यावरून दबून पुढे जातो. मात्र सांधा खोल असेल तर तो आत पोचत नाही. काही रोलरांत मऊ कापड आणि केसांच्या ओळी आलटून पालटून असतात. सर्वसाधारण घराला तेच सोयीचं.

लांब केस हा रोलरचा शत्रू. केस कापड सोडून रोलरच्या टोकांशी, बेअरिंगजवळ जाऊन गुंडाळतात. रोलर एका बाजूने कळ दाबून बाहेर निघतो का, हे स्वतः काढून बघा. स्क्रूड्रायव्हर लागत असेल तर तुम्ही तो कधीच साफ करणार नाही.

अजून एक. हँडलजवळ पाइपवर सरकवायची छोटी खिडकी असते, ती असलेलंच घ्या. गुळगुळीत टाइलवर तोंड कधीकधी जळूसारखं चिकटतं, कारण खाली हवा शिरायला फटच उरत नाही. खिडकी थोडी उघडली की ते सुटतं. परदा किंवा उशीचा अभ्रा आत खेचला गेला तरीही हीच खिडकी कामी येते.

पायरी ४: खोक्यावरचे आकडे

वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, एवढंच. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून वायरवरच्या घरगुती व्हॅक्यूमना ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली, आणि तिथे तर गालिचे झाडायचे असतात.

किलोपास्कल म्हणजे ओढ, लिटर दर सेकंद म्हणजे हवेचा प्रवाह. खोक्यावर दोन्हींचे कमाल आकडे छापतात, पण ते एका वेळी कधीच मिळत नाहीत. पाइप पूर्ण बंद केला की ओढ कमाल आणि प्रवाह शून्य. पाइप मोकळा सोडला की उलट. प्रत्यक्ष काम मधे कुठेतरी होतं. दोन्ही आकडे गुणून चौथा हिस्सा घेतला तर खरी कमाल ताकद अंदाजे कळते. समजा २० किलोपास्कल आणि ३० लिटर दर सेकंद. गुणाकार ६००, चौथा हिस्सा १५० एअर वॅट. फरशीसाठी हे भरपूर झालं. दोन मशिनांत निवड करायची वेळ आली तर फरशीसाठी प्रवाहाचा आकडा मोठा असलेलं घ्या. दाणा वाहून नेते ती हवा.

रोबोच्या खोक्यावर ‘४०००’ दिसलं की लोक हरखतात. ते पास्कल आहेत. म्हणजे ४ किलोपास्कल.

पायरी ५: पिशवी की डबा, आणि फिल्टर

पारदर्शक डब्याचं मशीन दिसायला छान, पिशवीचा खर्च नाही. सगळा भार मग फिल्टरवर येतो. आपल्या घरांत काही पदार्थ असे आहेत की ते फिल्टरला एका दमात गुदमरवतात: रांगोळी, पीठ, टाल्कम पावडर, अगरबत्तीची राख, आणि घरात काम काढलं असेल तर पीओपी आणि सिमेंट. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दारातली सगळी रांगोळी बिनपिशवीच्या काठीने खेचली की पाच मिनिटांत तिची ओढ निम्म्यावर येते. रांगोळी आधी केरसुणीने सुपलीत भरा, उरलेली पुसटशी रेघ मशीनने घ्या. राख खेचण्याआधी त्यात निखारा नाही ना हे हात लावून बघा. सिमेंटची धूळ घरगुती मशीनने खेचूच नका. फिल्टर धुतला की ते तिथेच जमून बसतं.

पिशवीच्या मशीनमध्ये पिशवीच पहिला फिल्टर असते. ती दोन तृतीयांश भरली की बदला. कापडी पिशवी झटकून पुन्हा वापरता येते, पण झटकताना निम्मी धूळ नाकात जाते. ॲलर्जीवाल्या घरात ही काटकसर उपयोगाची नाही.

‘हेपा’, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, हा शब्द सगळेच छापतात. एच१३ असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे. पकडायला सर्वांत अवघड आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के तो अडवतो. पण झाकणाची रबरी पट्टी सैल असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून निघते. घरी आणल्यावर रात्री दिवे बंद करून एक चमचा मैदा खेचा आणि हवा निघते तिथे टॉर्च तिरपी धरा. झोतात कण नाचताना दिसले तर मशीन परत करा.

फोमचा फिल्टर धुता येतो. घडीचा कागदी हेपा ‘धुण्यायोग्य’ असं लिहिलं नसेल तर फक्त हलका आपटून साफ करायचा. धुतलेला फिल्टर सावलीत किमान २४ तास वाळवा. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. ओलसर फिल्टर लावला तर कुबट वास येतो, धूळ लगद्यासारखी चिकटते आणि ओलावा मोटरपर्यंत जातो. मशीन घेतानाच दुसरा फिल्टर घ्या, पुढे तो मिळेलच असं नाही.

पायरी ६: साबुदाण्याची परीक्षा

दुकानात किंवा घरी प्रात्यक्षिक देणाऱ्यासमोर तीन पुड्या ठेवा: अर्धी वाटी साबुदाणा, दोन चमचे रवा, आणि विंचरलेल्या केसांचा छोटा गुंता.

साबुदाणा दोन फूट लांबीच्या ओळीत टाका आणि तोंड न उचलता सावकाश पुढे न्या. दाणे पुढे साठून ढकलले जात असतील तर खिंड नाही. मागे उडत असतील तर रोलर कडक आहे. मग मागे ओढा, कारण चांगलं तोंड परतीच्या फेरीतही उचलतं.

रवा सांध्यात बोटाने दाबून भरा. एक फेरी सांध्याच्या दिशेने, एक आडवी. मग बोट फिरवा. दोन फेऱ्यांनंतरही बोटाला रवा लागत असेल तर हे तोंड तुमच्या फरशीचं नाही.

थोडा रवा भिंतीलगत, स्कर्टिंगच्या कोपऱ्यात टाका. सेंटिमीटरभर पट्टी राहिली तर चालेल, ती फटीच्या निमुळत्या नोझलने निघते. तीन सेंटिमीटर राहिली तर रोज दोनदा फिरावं लागेल.

केस सगळ्यात शेवटी. खेचल्यावर मशीन बंद करून रोलर काढून घ्या. सगळे केस डब्यात गेले की रोलरवरच बसले, ते लगेच दिसतं.

पायरी ७: वापरायला लागल्यावर

आधी व्हॅक्यूम, मग पुसणं, हा क्रम मोडू नका. ओल्या फरशीवर सुकं मशीन चालवलं की पाइपच्या आत मातीचा थर चढतो. तो बाहेरून दिसत नाही आणि ओढ हळूहळू कमी होत जाते.

ड्रमने पाणी खेचायचं असेल तर आधी कागदी पिशवी आणि कोरडा फिल्टर काढा, फोमची टोपी चढवा. टाकी भरली की आतला तरंगता चेंडू हवा अडवतो, आवाज एकदम चढतो आणि ओढ थांबते. घाबरू नका, बंद करून टाकी रिकामी करा. काठीने मात्र थेंबभरही पाणी खेचू नका, रोलर ‘धुण्यायोग्य’ असला तरी मोटर नसते.

फरशी धुणारी दोन टाक्यांची मशिनं व्हिट्रिफाइडवर छान चालतात. संगमरवर, कोटा, शहाबादी हे चुन्याचे दगड आहेत. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा न्हाणीघराचं आम्ल असलेलं द्रावण टाकीत घालू नका, चकाकी कायमची जाते. घाण पाण्याची टाकी त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवशी तिला गटाराचा वास येतो.

चालता चालता आवाज बारीक आणि तीव्र झाला तर कुठेतरी तुंबलं आहे: मोटरला हवा कमी मिळाली की ती जास्त वेगाने फिरते. तोंड, पाइपचा वाक, फिल्टर, या क्रमाने बघा. पाइपमध्ये एखादं नाणं टाकून खळखळत दुसऱ्या टोकाने बाहेर येतं का बघितलं तरी कळतं. मशीन अचानक बंद पडलं तर बहुतेक वेळा तापून सुरक्षा-स्विच उडालेला असतो. प्लग काढा, तुंबलेलं मोकळं करा, तासभर थंड होऊ द्या. लगेच पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. जळका रबरी वास आला तर रोलर केसांनी जाम झालाय आणि पट्टा घसरतोय. दर आठवड्याला कात्रीने रोलरवरचे केस आडवे कापून काढले तर ही वेळ येत नाही.